मी येईपर्यंत कुणी बसायचं नाही

फोनवर 'वाव्हळे सर' असं नाव उजळलं आणि मी उठून उभी राहिले. चालत्या एसटीत. पालमहून गंगाखेडला निघाले होते, नशिबानं खिडकीची जागा मिळाली होती. मांडीवरची पिशवी धपकन खाली पडली. सरांचा फोन आला की मी उभी राहूनच बोलते, ही माझी जुनी खोड. मला स्वतःला ती ठाऊक नव्हती, माझ्या सुनेनं दाखवून दिली. "आई, तुमी उभ्या कामून ऱ्हाता? सरांना फोनातून दिसतंय का?" म्हणून ती हसली होती. पुढच्या खेपेला मी ठरवून बसून बोलले. दोन वाक्यं निभावली, तिसऱ्याला मी उभी. तर त्या दिवशी बसमध्ये फोन कानाला लावून मी नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत होते : "काय मॉनिटर, वर्ग शांत हाय का?" पलीकडून सरांचा मुलगा बोलला. "सुनंदाताई, बाबा गेले. सकाळी." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो... फोन बंद केला तेव्हा माझ्या जागेवर एक बाई येऊन बसली होती. मी उतरणार असं वाटलं असेल तिला. मी दांडा धरून उभी राहिले. पार गंगाखेड जवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं की पुढच्या दोन जागा मघापासून रिकाम्या आहेत.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा आपल्याकडं रिवाज आहे. सर असते तर म्हणाले असते, "कामून? कुणी सांगितलं?" हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे. गावाला त्याचा अर्थ एवढाच कळला होता की हे वेड्यांचे मास्तर आहेत. एकदा एक म्हातारा आपल्या सुनेला घेऊन स्टाफरूमच्या दारात आला होता, हिचं डोकं बघा म्हणून. सरांनी त्याला चहा पाजला, सुनेशी पाच मिनिटं बोलले आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "हिचं डोकं ठीक हाय. तुमचं दाखवायचं का?" असा त्यांचा स्वभाव. आवाज मात्र मोठा कधी नव्हता. वर्गात ते इतकं हळू बोलायचे की शेवटच्या बाकावरची पोरं पुढं वाकून ऐकायची. हळू बोलणाऱ्याचं लोक जास्त ऐकतात, हेही त्यांनीच पुढं सांगितलं.

ते मूळचे पोखर्णीचे. वडील एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे. त्या घरासमोरून जाताना वडील पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचे. पुढं तो मालक वारला, त्याची मुलं शहरात गेली, दाराला कुलूप लागलं. लहान वयातले सर एकदा वडिलांबरोबर त्या बंद घरासमोरून चालले होते, आणि वडिलांनी वहाणा काढल्या. सरांनी विचारलं, "बा, आत कोण हाय?" बा म्हणाले, "कोणी न्हाई." "मग?" बा चालत राहिले. दहा पावलं पुढं जाऊन वहाणा पायात घातल्या. सर मला म्हणायचे की पुस्तकं मी नंतर वाचली, मानसशास्त्र मी त्या दहा पावलांत शिकलो. सांगणारा मरून जातो, पण त्यानं सांगितलेलं मागं ऱ्हातं. हे बोलताना ते बोटानं हवेत त्या बंद दाराची चौकट काढायचे. मी ते घर पाहिलेलं नाही, पण ते कुलूप माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता मुख्य गोष्ट सांगायलाच पाहिजे. सदतीस वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा अर्धीच.

मी बारावीला होते. श्रावणातला सोमवार होता. सर वर्गात आले, हजेरी घेतली नाही, खडू हातात घेतला नाही. म्हणाले, "सगळे उभे ऱ्हा." आम्ही उभे राहिलो. "मी येईपर्यंत कुणी बसायचं न्हाई." मग माझ्याकडं वळले. "मॉनिटर, लक्ष ठेव." आणि निघून गेले. मॉनिटर म्हणजे मी. दोन वेण्या, रिबिनी, आणि कॉलेजात आल्यावरही शाळेतला रुबाब सुटलेला नाही अशी. सुरुवातीला मजाच वाटली. पोरं खिदळली, कुणीतरी सरांची नक्कल केली. दहा मिनिटांनी हसणं आपोआप थांबलं. मग पाय दुखायला लागले. एक पोरगा म्हणाला, सर विसरले असतील. सगळ्यांनी मान डोलावली, पण बसलं कुणीच नाही. तासाची घंटा झाली. पुढच्या तासाचे सर रजेवर होते, कुणी आलं नाही. तेवढ्यात नोटीस घेऊन शिपाईमामा आले. पन्नास पोरं गप उभी बघून दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणाले, "सरांनी उभं ऱ्हायला सांगितलंय." ते "अस्सं" म्हणाले आणि दाराला टेकलेलं अंग सरळ करून, नोटीस छातीशी धरून तेही उभे राहिले. त्यांना कुणी काय सांगितलं होतं? पण राहिले. चांगली पाच-सात मिनिटं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून हळूच निघून गेले. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. आता रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी ते आठवतं आणि अंगावर काटा येतो.

माझ्या शेजारी कमल होती. राणीसावरगावच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची. त्या दिवशी बसमध्ये बसायला मिळालं नव्हतं आणि वर सोमवारचा उपवास. आमच्या बाकाला लागूनच भिंतीशी एक लाकडी खुर्ची असायची, एका हाताची, दुसरा हात कधीचा मोडलेला. तपासणीला साहेब आले तर त्यांच्यासाठी ठेवलेली. कमलनं त्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि मला म्हणाली, "सुनंदा, मला बसू दे गं. अंधारी यायलीय." मी म्हणाले, "सरांनी सांगितलंय ना. थांब थोडं. आता येतील." थोड्या वेळानं ती परत म्हणाली. मी परत तेच म्हणाले. तिसऱ्या वेळेला तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. खुर्ची तिच्यापासून एक वीतभर लांब होती. मी मान हलवली. नाही म्हणून. ...आणि ती पडली. खुर्चीच्या कडेवर तिची भुवई फुटली. रक्त बघून पोरी ओरडल्या, तरीसुद्धा पहिले दोन-तीन क्षण सगळे उभेच होते. मग दारातून सर धावत आले. इतक्या लगेच आले, की ते कुठं लांब नव्हतेच हे मला तिथंच कळलं.

तिच्या भुवईला टाके पडले. तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण लग्नाच्या वयाची पोरगी कॉलेजात चक्कर येऊन पडली, ही बातमी तिच्या आधी तिच्या गावात पोचली. आणि पोरगी चक्कर येऊन पडली की लोक पुढचं आपल्या मनानं रचतात. चौथ्या दिवशी तिचे वडील येऊन दाखला घेऊन गेले. सर दोनदा तिच्या घरी जाऊन आले, चूक माझी आहे हे सांगायला. दोन्ही वेळा अंगणातच बोलणं झालं, आणि दोन्ही वेळा सरांना कुणी बसा म्हणालं नाही. वडील एवढंच म्हणाले, "मास्तर, पोरीचं आमी बघू." उन्हाळ्यात त्यांनी तिचं लग्न लावून दिलं. वर्गात तिचा नंबर पहिल्या पाचात असायचा. तिला नर्स व्हायचं होतं.

त्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, "ती बसू दे म्हनत होती. तू न्हाई का म्हणालीस?" मी रडत म्हणाले, "तुमीच सांगितलं होतं, सर." त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या थोबाडीत मारली. ते खिडकीकडं वळले. मग म्हणाले, "जा." आणि मी गेले, कारण त्यांनी जा म्हटलं होतं.

माणूस कुठवर ऐकतो हे बघायचा तो प्रयोग त्यांनी परत केला नाही. उलट दरवर्षी पहिल्या दिवशी ते पोरांना "का?" विचारायला शिकवायचे. उभे ऱ्हा म्हणायचे आणि जो "का सर?" विचारील त्याला लिमलेटची गोळी द्यायचे. दोन-तीन वर्षांत ही गोष्ट पुढच्या पोरांना आधीच कळलेली असायची. मग सरांनी उभे ऱ्हा म्हणताच सगळा वर्ग एका सुरात "का सर?" असा ओरडायला लागला. पुढं एका भेटीत सर कपाळाला हात लावून मला सांगत होते, "बघ मॉनिटर, आता हे 'का' बी हुकमानंच विचारायलेत." दोघंही लय हसलो होतो. असं हसायचो आम्ही, आणि कमलचं नाव मात्र बरीच वर्षं घेतलं नाही.

मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेत मास्तरीण झाले, फिरत फिरत पालमला आले. सर निवृत्त होऊन परभणीला राहायला गेले. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडं जायची. पहिल्यांदा गेले तेव्हाच बैठकीत ती खुर्ची दिसली. एका हाताची. कॉलेजनं जुनं सामान भंगारात काढलं तेव्हा सरांनी मागून घेतली होती. मी तिकडं बघतेय हे बघून ते म्हणाले, "तिथं बसायचं न्हाई." मी सतरंजीवर बसले. नंतर बघितलं, तर घरात कुणीच तिच्यावर बसत नव्हतं. पाव्हणे दाटीवाटीनं दिवाणावर बसायचे, जागा नसली तर उंबऱ्यावर टेकायचे, पण तिला वळसा घालून जायचे. सरांच्या मिसेस, आमच्या काकू, झाडताना खुर्चीच्या भोवतीनं झाडायच्या. फरशीवर चार पायांपुरता एक काळपट चौकोन तयार झाला होता. कुणी कधी कारण विचारलं नाही. मीही नाही. सर दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बशीतून चहा प्यायचे आणि अधूनमधून तिकडं असं बघायचे की तिथं कुणीतरी आहे आणि त्याचा चहा राहिलाय.

माणूस सांगितलेलं का ऐकतो, यावर त्यांचं बोलणं त्याच बैठकीत, तुकड्या-तुकड्यानं व्हायचं. एकदा मी वैतागून म्हणाले होते की सर, मी काय दुष्ट होते का? सर म्हणाले, दुष्ट माणसाची गरजच पडत न्हाई, चांगली पोर लागते. ऐकणारी, शहाणी, मोठ्यांनी पाठीवर शाबासकी दिलेली. "मी तुला आधीच म्हनलो असतो की दीड तास उभं ठेव आणि एकीची भुवई फुटू दे, तर तू मला येड्यात काढलं असतंस. पर मी एक मिनिट मागितलं. एका मिनिटाला न्हाई कोण म्हणतं? मग दुसरं. विसाव्या मिनिटाला न्हाई म्हणायचं तर आधीची एकोणीस फुकट गेली, येडेपणा केला, असं कबूल करावं लागतं. ते लय जड जातं." आणि मग म्हणाले, "शिवाय जिम्मेदारी तुझी नव्हतीच ना. ती तू माझ्या खुंटीला टांगली होतीस." मी विचारलं, "आणि तुमी?" हा प्रश्न मी विचारीन असं मलाही वाटलं नव्हतं. तेव्हा त्यांनी सांगितलं. बाजूच्या खोलीत उभे राहून ते दाराच्या फटीतून सगळं बघत होते. कमलनं खुर्चीला हात लावलेला त्यांनी बघितला. माझी मान हललेली बघितली. "दोन पावलं टाकली असती तर झालं असतं. पर मला वाटलं, प्रयोग पुरा व्हायला पाहिजे. म्हंजे मी बी कुणाचं तरी ऐकतच होतो, मॉनिटर. फक्त मला सांगणारा दिसत नव्हता." ...काकू आतून विचारत होत्या, अजून चहा टाकू का. 

आणि कमल? कमल पालमलाच असते. नियतीची थट्टा म्हणा. तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी आहे, पण चालवते तीच. डब्यांची रांग तिच्या शिस्तीत लागते. तिच्या डाव्या भुवईत एक रेघ आहे, तिथं केस उगवत नाहीत, आणि दिवसभरात त्या रेघेत पीठ बसतं. मी दळण घेऊन जायची तेव्हा मला ती पांढरी रेघ आधी दिसायची आणि मग तिचा चेहरा. ती मला "मॅडम" म्हणायची. एका बाकावर बसलेली, माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लेली मैत्रीण मॅडम म्हणाली की काय वाटतं, ते मॅडमलाच माहीत. तिची पोरगी माझ्या वर्गात आली. पालक सभेला कमल आली, सगळ्या बाया बसल्या, ही मागं भिंतीला टेकून उभी. मी म्हणाले, "बस की, कमल." ती म्हणाली, "न्हाई मॅडम. उभीच ठीक हाय." आवाजात राग नव्हता. मी वळून फळ्यावर काहीतरी लिहायला लागले. माफी मागायची होती, तिथंच, सगळ्यांसमोर. फळ्यावर मी तारीख लिहिली, जी आधीच लिहिलेली होती.

सरांची नि माझी शेवटची भेट दिवाळीच्या आधीची. अंग पार वाळलं होतं. आवाज तर आधीच हळू, आता त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागत होता. म्हणाले, "मॉनिटर, एक काम सांगू? तिला एकदा घिऊन ये. त्या खुर्चीवर बसव. मला बघू दे." मी म्हणाले, आणते सर. पुढच्या रविवारी आणते. रविवार गेला. मग पोरांच्या चाचण्या आल्या, मग दिवाळी, मग माझा गुडघा. सगळ्या सबबी खऱ्या होत्या, हाच त्यांचा दोष. खरं म्हणजे गिरणीपर्यंत जाऊन तोंड उघडायची लाज वाटत होती. आयुष्यभर सरांचं सगळं ऐकलं. एवढंच ऐकायचं राहिलं, आणि तेवढंच ऐकण्याजोगं होतं.

ते गेल्यावर मात्र मी गिरणीत गेले. पट्ट्याच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं, "सर गेले." कमलनं गिरणी बंद केली. पट्टा फिरायचा थांबला. मग म्हणाली, "सभा कधी हाय? मी येते."

शोकसभा जुन्या विद्यार्थ्यांनी ठेवली होती, परभणीत एका हॉलमध्ये. अध्यक्ष म्हणून आमचे त्या वेळचे प्राचार्य. आता खूप थकलेत. सूत्रसंचालन करणारा आमच्या पुढच्या बॅचचा, आज मोठ्या हुद्द्यावर आहे. भाषणं झाली. सरांनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं, असं प्रत्येकानं सांगितलं. शेवटी तो सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून सरांना श्रद्धांजली वाहू." सगळे उठलो. कमल माझ्या शेजारी होती. डोळे मिटले, माना खाली. दोन मिनिटं झाली असतील. मग आणखी थोडी. मी डोळे किलकिले करून बघितलं. सूत्रसंचालक अध्यक्षांकडं बघत होता. ज्येष्ठांच्या आधी आपण कसं बोलायचं, अशी त्याच्या चेहऱ्यावर अदब. आणि अध्यक्ष डोळे मिटून उभे होते, माइकवरून कुणीतरी बसा म्हणेल याची वाट बघत. आता काय करता! तेवढ्यात वीज गेली. पंखे हळूहळू थांबले, आणि हॉलमध्ये काहीच आवाज उरला नाही. एकेकाचे डोळे उघडत होते. लोक डोकं न हलवता नुसत्या बुबुळांनी एकमेकांकडं बघत होते. पाच मिनिटं झाली असतील, सात झाली असतील. शंभरावर माणसं, सगळी सरांच्या हाताखाली शिकलेली, आणि कुणी बसेना. समोर सरांचा हार घातलेला फोटो. मला अगदी खरंच वाटलं की ते कुठंतरी बाजूच्याच खोलीत आहेत, दाराच्या फटीपाशी.

कमलनं पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरलं. तिला शुगर आहे, सकाळपासून आम्ही दोघींनी चहावरच भागवलं होतं. माझ्याकडं न बघता ती हळू म्हणाली, "अंधारी यायलीय." आणि माझ्या तोंडून शब्द निघाले. मी काढले नाहीत, निघाले. तोच आवाज, तेच शब्द, सतरा वर्षांच्या पोरीचे : "थांब थोडं. आता म्हणतील."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या वेळी बघितलं होतं तसंच. मग ती खाली बसली. सरळ, धपकन, खुर्ची करकरली. एवढ्या शांततेत तो आवाज सगळ्या हॉलभर गेला. आणि त्याच्यामागं आख्खा हॉल बसला, एका लयीत, कुणी हुकूम दिल्यासारखा. सगळ्यात शेवटी मी.

सभेनंतर आम्ही सरांच्या घरी गेलो. काकूंनी पाणी दिलं. बैठकीत पाच-सहा माणसं होती, सगळी खाली सतरंजीवर. खुर्ची भिंतीशी, आपल्या काळ्या चौकोनात. मी धीर करून कमलला म्हणाले, "सरांची इच्छा होती, तू तिच्यावर बसावंस. त्यांनी मला सांगितलं होतं." कमल खुर्चीकडं बघत राहिली. ओळखली तिनं, लगेच. तिचा हात भुवईकडं गेला. मग म्हणाली, "सरांनी सांगितलं म्हणून बसू व्हय? बसायचं होतं तवा बसू दिलं न्हाई." आणि काकूंच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसली. मी तिच्यासमोर बसले, सगळ्यांसमोर तिचे हात धरले आणि माझी चूक झाली म्हणाले. रडले. ती रडली नाही. म्हणाली, "सर तर घरी येऊन गेले, दोनदा. मी आतून ऐकायली होते. त्यांचा राग मला कवाच आला न्हाई. सर तिथं न्हवतेच की. तू होतीस."  ती बरोबर बोलत होती.

निघताना काकू मला म्हणाल्या, "मी आता लेकाकडं चाललेय, पुण्याला. घर आवरायचंय. ही खुर्ची तू घिऊन जा बाई." मी विचारलं, काकू, तिच्यावर बसायचं नाही, हे सरांनी का सांगितलं होतं? त्या म्हणाल्या, "कुणास ठाऊक. मी कवा विचारलंच न्हाई."

टेम्पोतून खुर्ची पालमला आली. आमच्या बैठकीत खिडकीशी ठेवली. मी शपथ घेऊन सांगते, घरात कुणालाही मी एक अक्षर बोलले नाही. तरी तिच्यावर कुणी बसत नाही. मुलगा सोफ्याच्या हातावर टेकतो. सून भाजी निवडायला खाली बसते. शेजारीण आली, खुर्चीपर्यंत गेली, थबकली आणि म्हणाली, "नको, उभ्यानंच जाते." सून परवा झाडत होती. खुर्चीच्या भोवतीनं. मीही बसले नाही. एक-दोनदा वाकले, पण गुडघ्यानं ऐकलं नाही. मी येईपर्यंत, असं सर म्हणाले होते. ते आता येणार नाहीत हे मला कळतं, तरी दाराकडं लक्ष जातंच. शाळेतही तेच. हाताची घडी, तोंडावर बोट, असं मी म्हणते आणि चाळीस बोटं चाळीस तोंडांवर जातात. मग बोट काढा म्हणायचं मी विसरते, आणि कुणी काढत नाही. परवा किती वेळ गेला कुणास ठाऊक.

काल रविवारी दुपारी कमल आली, दळणाचा डबा घेऊन. मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर आले तर ती त्या खुर्चीवर बसलेली. चप्पल काढून, एक पाय वर घेऊन, मोडक्या हाताच्या बाजूनं कलून, खिडकीतून रस्ता बघत. मी कुठं बस म्हणाले नव्हते, कुठं बसू नको म्हणाले नव्हते. उन्हात भुवईतली पिठाची रेघ दिसत होती. मी दोन्ही कप हातात घेऊन दारातच थांबले. घरात कुणी नव्हतं, तरी कुणीतरी येईल असं वाटत होतं. चहावर साय धरली तरी मी तशीच.

तिनं मान वळवली. पहिल्यांदाच मॅडम म्हणाली नाही.

"सुनंदा," ती म्हणाली, "सर येईपर्यंत उभीच ऱ्हाणार हायस का? बस."

आणि मी बसले. तिनं सांगितलं म्हणून.